‘पंखा’ कुठे ठेवायचा

९ फेब्रुवारी

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

वर ‘सौ.’ लिहून खोडलं आहे, ते तुम्हाला दिसेलच. हात आपोआप गेला. नवा कागद घ्यायला हवा होता, पण ह्या कागदापर्यंत यायलाच मला बरेच रविवार लागले, म्हणून तसाच पुढे लिहितो. फोन का नाही केला म्हणाल, तर फोनवर तुम्ही सगळं ठीक आहे म्हणता आणि मी बरं म्हणतो. त्यात काम होत नाही, आणि हे काम आहे.

दादाच्या आवाजातली तेरा गाणी आमच्याकडे आहेत. बारा आजारपणाच्या आधीची, रेकॉर्डिंगवाल्याच्या तळघरात नीट घेतलेली. दादा बेस गिटारवर आणि गायला, मी गिटारवर, टायरवाला ड्रमवर, नेहमीसारखे आम्ही तिघे. तेरावं ‘पंखा’. ते त्याने घरी पलंगावर बसून एकट्याने गायलं आणि रेकॉर्डरचं बटण तुम्ही दाबलंत. अल्बम काढायचा हे त्याच्यासमोर ठरलं होतं. गाणी मोबाईलवर सुटी सोडू नका, लोक एक ऐकतात आणि पळतात, खरी काळी रेकॉर्ड काढा, दोन बाजूंची, असं त्याने बजावलं होतं. एका बाजूवर वीसेक मिनिटंच नीट मावतात. जास्त कोंबली की आवाज बारीक होतो. म्हणजे नऊ गाणी राहणार आणि चार जाणार.

सोबत सीडी आहे. क्रम मी लावला आहे. सुरुवात ‘भोंगा’ने, कारण टायरवाल्याचा पहिला ठोकाच माणसाला खुर्चीतून उठवतो. त्याच्या मागोमाग ‘गंज’, मध्ये श्वासापुरतीही जागा ठेवलेली नाही. पहिली बाजू ‘सायकल’वर संपते. दुसरी ‘खडूची खूण’ने उघडते, जे त्याने तुमच्यावर लिहिलं. मग हळूहळू रात्र होत जाते, ‘रात्रपाळी’ येतं आणि अगदी शेवटी ‘पंखा’. त्यानंतर काही नाही.

‘पंखा’ तुमच्या घरातलं आहे, ते तुम्हाला विचारल्याशिवाय घेणार नाही. ऐका आणि कळवा.

मी बरा आहे. एका नव्या इमारतीत लिफ्ट बसवतो आहे, दिवसभर खड्ड्यात असतो. टायरवाला संध्याकाळी दुकानाचं शटर ओढून माझ्याकडे येतो, क्रम ऐकतो आणि माझा खाऊचा डबा रिकामा करून जातो. तुमचं जेवणखाण वेळेवर होतं का ते खरं लिहा.

लोभ आहेच, त्यात काटकसर करू नये.

तुमचा,
धाकटा


२० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. आ.

पत्र आणि सीडी दोन्ही मिळाली. पुढच्या वेळी नुसतं वहिनी लिही. तेवढं पुरे. खोडलेलं जास्त दिसतं.

जेवते वेळेवर. फक्त अजून पोळ्या जास्त होतात. दुकानात काम पुष्कळ आहे, लोक नवे कपडे कमी घेतात आणि जुनेच आखूड-सैल करून नेतात, त्यामुळे मागच्या खोलीत माझं मशीन दिवसभर चालू असतं. संध्याकाळी घरी आले की आधी ग्रंथालयाचं पुस्तक, मग स्वयंपाक. उलटं केलं तर पुस्तक राहतं.

सीडी दोनदा ऐकली. ‘पंखा’ तू घे. ह्यांनी ते कपाटात ठेवण्यासाठी गायलेलं नाही. त्यात मागे जी घरघर येते ती लोकांना पंख्याची वाटेल. तुला आणि मला माहीत आहे की ती ऑक्सिजनच्या मशीनची आहे. मशीन परत नेलं, पण त्याच्या चाकांच्या खुणा अजून फरशीवर आहेत. पुसते, जात नाहीत. असो. गाणं घे, पण शेवटी ठेवू नकोस.

का ते सांगते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रडले, ते सोड. दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून लावली आणि ‘भोंगा’ सुरू झालं, तर मला ते आजारी माणसाचं गाणं वाटलं. ‘भोंगा’ लिहिलं तेव्हा हे सव्वीस वर्षांचे होते. मोटर वाइंडिंगच्या दुकानात नुकते लागले होते आणि जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी मालकाकडे कोरा कागद मागायचे. तिथे आजाराचा काय संबंध? पण शेवट ठाऊक झाला की मागचं सगळं त्याच्याकडे कलतं. मी सातवीपुढे शिकले नाही, जे हाताला लागलं ते वाचत गेले. कथासंग्रह तर मी मधूनच कुठूनही उघडते. हे मला त्यावरून चिडवायचे की लिहिणाऱ्याने रांग लावलेली असते आणि तू मधेच घुसतेस. तरी एवढं मलाही कळतं की शेवटी कोणती कथा ठेवली आहे, त्यावर आधीच्या सगळ्यांचा चेहरा बदलतो. तुझ्या क्रमाने ऐकलं तर हा माणूस पहिल्या ठोक्यापासून मरायलाच निघाला होता असं वाटतं. तसं नव्हतं.

आणि ‘खडूची खूण’ काढून टाक. मला बरं वाटावं म्हणून ठेवलं आहेस हे कळलं. गाणं चांगलं आहे, भांडी घासताना मी ते गुणगुणते. पण बाकीची गाणी कामावरून दमून आलेल्या माणसाची आहेत आणि हे एक लग्न ठरलेल्या पोराचं. सगळे मळक्या कपड्यांत बसलेत आणि हा एकटाच इस्त्री करून आला आहे. माझ्या मानासाठी अख्ख्या रेकॉर्डला त्रास नको.

टायरवाल्याला सांग, दुसऱ्याचा डबा रिकामा केला की धुऊन ठेवावा.

माया आहे तशीच आहे, तूही कमी करू नकोस.

तुझी वहिनी


२ मार्च

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

डबा धुण्याचा निरोप पोचवला. त्याने तो मला धुवायला लावला.

‘खडूची खूण’ काढलं. मन होत नव्हतं, पण काढून ऐकलं आणि तुमचं बरोबर निघालं. मात्र दुसऱ्या बाजूचं तोंडच गेलं. बाजूला ठेवलेली गाणी परत काढून बसलो. वेगवान गाणं तिथे ठेवलं तर ते ‘भोंगा’ची नक्कल वाटत होतं, कारण एका रेकॉर्डला दोनदा धडाक्याने उठवता येत नाही. शेवटी ‘जिना’ घेतलं. आठवतं ना? आधी बराच वेळ नुसता दादाचा बेस, कोणी जड पायांनी पायऱ्या चढत असल्यासारखा, आणि मग आवाज. एरवी हे गाणं मला सपक वाटायचं. तिथे ठेवल्यावर त्याच्या मागचं ‘रात्रपाळी’सुद्धा सुधारलं. गाणं तेच, शेजार बदलला.

‘पंखा’बद्दल मात्र माझं तुमच्याशी जमत नाही. तुमचं म्हणणं मी करून पाहिलं. रेकॉर्डिंगवाल्याच्या संगणकावर ते मधे सरकवलं. वहिनी, त्याच्यानंतर काहीही येऊ शकत नाही. दादा शेवटची ओळ सोडतो, दोन सेकंद जातात आणि टायरवाला धडाधडा सुरू होतो. शोकाच्या घरात कोणी तोंडात शिट्टी घालून शिरावं तसं वाटलं. टायरवाला स्वतःच म्हणाला की त्याला लाज वाटली, आणि त्याला लाज वाटलेली मी ह्याआधी पाहिलेली नाही. हळू गाणं ठेवून पाहिलं तर दोन्ही एकमेकांत विरघळली. ज्याच्यापुढे काही उभं राहत नाही ते शेवटीच जातं. ह्यात माझा हट्ट नाही, गाण्याचाच तो स्वभाव आहे.

शिवाय लोकांना त्याचा निरोप घ्यायचा आहे. सगळे विचारतात. शेवटी ‘पंखा’ आलं की निरोप पुरा होतो.

विचार करा. तुमच्या मनाविरुद्ध करायला मला जड जाईल.

रागवा हवं तर, पण दूर करू नका.

तुमचा,
धाकटा


११ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

लोकांना निरोप घ्यायचा आहे असं तू लिहिलंस. लोकांना नाही, तुला घ्यायचा आहे. ते लोकांच्या नावावर घालू नकोस.

तू त्या दिवशी परगावी कामावर होतास. त्यात तुझी चूक नव्हती, हे मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगते. पण तू शेवटी नव्हतास म्हणून तुला शेवट हवा आहे. मी होते. मला पुरला.

मी आडवी येणार नाही. ‘पंखा’ला माझी परवानगी आहे, ती काढून घेत नाही. बँड तुमचा आहे, तुम्हाला हवं तिथे ठेवा. मी त्याच्या आधीच्या गाण्यापर्यंत ऐकेन आणि सुई उचलेन.

इथे बाकी सगळं जसंच्या तसं. तब्येतीला जप. खड्ड्यात उतरताना कोणाला तरी वर उभं करत जा.

कडू लिहिलं तरी लिहिणारी तीच आहे, हे धरून चाल.

तुझी वहिनी


८ एप्रिल

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

नमुन्याची रेकॉर्ड आली. पक्क्या छपाईच्या आधी कारखाना अशा दोन-चार काढून देतो, चूक राहिली असेल तर सापडावी म्हणून. कोऱ्या पांढऱ्या लेबलांची एक प्रत तुम्हाला पाठवतो. दादाच्या प्लेअरवर ऐका. कुठे खरखर वाटली तर कळवा.

जास्त लिहीत नाही. लोभ असावा असं म्हणायचा हक्क राहिला असेल तर म्हणतो.

धाकटा


१५ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक नव्हे, होते नव्हते ते सगळे आशीर्वाद.

तू माझं ऐकलंस. काही न बोलता केलंस आणि वर हक्क राहिला का म्हणून विचारतोस. मागच्या पत्रात मी फटकन लिहून गेले, आणि पेटीत टाकल्यावर पेटीपाशीच उभी राहिले. हात आत जात नाही म्हणून, नाहीतर परत काढलं असतं.

परवा दुकानाला सुट्टी होती. प्लेअरवरचं फडकं काढलं, सुई पुसली, रेकॉर्ड ठेवली. ‘जिना’ने सुरुवात केलीस ते किती बरं केलंस. ह्यांच्या बेसच्या पायऱ्या सुरू झाल्या आणि मी कान देऊन बसले, कारण हे लिफ्ट असूनही कामावरून असेच जिन्याने चढायचे, मधल्या वळणावर थांबून. दार उघडल्यासारखा ह्यांचा आवाज आला तेव्हा मला धक्का बसला नाही, मी तयार होते. मग ‘रात्रपाळी’, मग ‘पंखा’. ठरवलं होतं की त्याच्या आधी सुई उचलायची. उचलली नाही. आज शेवट नाही, अजून दुसरी बाजू आहे, एवढं ठाऊक होतं म्हणून ऐकू शकले. ह्यांचा आवाज थांबला, मशीनची घरघर थांबली, आणि सुई आतल्या कडेला नुसती टकटक करत राहिली. मी बसून राहिले. घाई करायला कोणी नव्हतं. डोळे पुसले, पाणी प्यायले, मग उठून रेकॉर्ड उलटली.

आणि ‘भोंगा’! टायरवाल्याने असं काही बडवलं की वरच्या मजल्यावरच्या बाई खाली डोकावल्या. हे सव्वीस वर्षांचे, छाती फुटेस्तोवर ओरडत होते. तू म्हणाला होतास की मधे ठेवलं की लाज वाटते. मला अजिबात वाटली नाही. मी आवाज वाढवला. त्या बाईंना म्हटलं, या आत, हे आमचे हे.

टायरवाल्याला माझ्याकडून शाबासकी दे. आता डबा मी पाठवते, भरून.

तुझ्यावरची माया दुप्पट झाली आहे, सांभाळून ठेव.

तुझी वहिनी


२२ एप्रिल

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

आता मी काय लिहू? तुमचं पत्र वाचून दोन दिवस काहीच केलं नाही. खोटं बोलून शाबासकी ठेवून घ्यावी असंही वाटलं, पण रेकॉर्ड दुकानात आली की तुम्हाला कळणारच.

वहिनी, मी काही बदललेलं नाही. तुम्ही दुसरी बाजू आधी लावलीत. लेबलं कोरी असल्यामुळे बाजू ओळखायची खूण फक्त आतल्या गुळगुळीत पट्टीवर असते, टाचणीने ओरखडल्यासारखा बारीक आकडा. तो बघा हे लिहायला मी विसरलो, कारण मी रुसलो होतो आणि चार ओळींत पत्र संपवायचं होतं. माझ्या क्रमात ‘भोंगा’ पहिलं आणि ‘पंखा’ शेवटचंच आहे.

हे टायरवाल्याला सांगितलं तेव्हा तो आधी खूप हसला. म्हणाला, दादा म्हणायचा तेच, वहिनी मधेच घुसतात.  मी रेकॉर्ड काढली आणि तुमच्यासारखी उलटी लावली.

‘पंखा’ संपलं आणि दोघांपैकी कोणी उठेना. सुई टकटक करत होती. तो माझ्याकडे बघे, मी त्याच्याकडे. तेव्हा मला कळलं की मी कुठे चुकलो होतो. संगणकावर दोन गाण्यांमध्ये मी दोन सेकंद ठेवले होते. दहा ठेवून पाहिले असते तरी ते माझे सेकंद झाले असते. रेकॉर्डवर ऐकणारा स्वतः उठेपर्यंत पुढचं गाणं येतच नाही. ‘पंखा’नंतर काही उभं राहत नाही म्हणत होतो. उभं राहतं, पण आधी माणसाला उभं राहावं लागतं. बऱ्याच वेळाने टायरवाला उठला, नाक शिंकरलं आणि उलटली.

आता अडचण सांगतो. बाजू बदलायला रेकॉर्ड नव्याने कोरावी लागत नाही, फक्त लेबलं आणि कव्हर वेगळं छापायचं. पण रॉकची रेकॉर्ड ‘जिना’ने उघडायची म्हणजे पहिलं मिनिटभर फक्त बेस. लोकांना वाटेल की यंत्र बिघडलं आहे. आणि तुमच्या क्रमाने शेवट ‘सायकल’वर होतो. ‘सायकल’च्या शेवटी टायरवाल्याचा हात चुकला आहे, आणि दादा त्याला रागावतो ते मागे तसंच राहिलं आहे. बाजूच्या शेवटी, मधेच कुठेतरी, कोणाच्या लक्षात येत नाही म्हणून मी ते कापलं नव्हतं. पण अख्ख्या अल्बमचा शेवट तो? टायरवाला तेवढ्यावर पेटला आहे. तो तुम्हाला स्वतः लिहिणार म्हणतो. छापखाना उत्तर मागतो आहे आणि मला अजून ठरवता येत नाही. खरं सांगायचं तर क्रम मला पटला, पण मन शेवटावरून हलत नाही.

मला हसा, पण लोभातून वजा करू नका.

तुमचा,
धाकटा


२५ एप्रिल

वहिनींना,
स. न. वि. वि.

मी पावतीशिवाय काही लिहीत नाही, तेव्हा चूकभूल माफ करा.

तक्रार अशी आहे. ‘सायकल’मध्ये माझा एक ठोका शेवटी पडायचा राहिला. इतकी वर्षं वाजवतो, एक राहिला. त्यावर दादा मला काय म्हणाला ते तुम्ही ऐकलंच आहे. आता ते अल्बमच्या शेवटी आलं तर लोक घरी जाताना काय घेऊन जाणार? की ह्यांचा ड्रमवाला झोपला होता. माझी मुलं ऐकतील. दुकानातली पोरं ऐकतील आणि मी पान्हा शोधत असलो की तेच मला ऐकवतील. धाकट्याला म्हटलं काप. तो म्हणतो की कापायचं तर ती बाजू नव्याने कोरावी लागेल.

म्हणून तुम्हाला सांगायला बसलो. पण लिहिता लिहिता एक आठवलं.

मी दवाखान्यात भेटायला यायचो तेव्हा दादा माझ्याशी गोड बोलायला लागला होता. ये, बस, तू किती केलंस माझ्यासाठी, असं. जन्मात कधी बोलला नाही तसं. तुम्हाला वाटलं असेल की मी लवकर पळायचो. मला तिथे बसवायचं नाही. ज्या दिवशी तो गोड बोलला त्या दिवशी मला कळलं होतं. रेकॉर्डवर तो माझ्याशी नीट बोलतो आहे.

तेव्हा राहू द्या. तक्रार मागे घेतली असं समजा. पण ठोका माझा राहिला, झोपलो नव्हतो, एवढं तुम्ही तरी लक्षात ठेवा.

डबा पाठवणार होतात, त्याचं काय झालं?

राग लोभ दोन्ही चालतील.

टायरवाला


३ मे

चि. धाकट्यास,
अ. आ.

उलटी बाजू लावली हे वाचून आधी कान तापले. वरच्या बाईंपुढे एवढा तोरा मिरवला आणि निघालं हे! मग मला हसू आलं. हे असते तर महिनाभर पुरवून पुरवून चिडवलं असतं.

टायरवाल्याचं पत्र आलं. त्याला डबा रवाना केला आहे. त्याने काय लिहिलं ते तो तुला सांगेल, मी सांगणार नाही.

रेकॉर्डची कोणती बाजू आधी, ते मी सांगणार नाही. चुकून मला आवडलं म्हणून ते बरोबर ठरत नाही. ‘जिना’ने उघडलं तर काही लोक यंत्र ठोकून बघतील, तेही खरं. ते तू ठरव. पण तुझं मन शेवटावरून हलत नाही म्हणतोस, त्याबद्दल मी काहीतरी करू शकते. मी तुला तो शेवट कधी सांगितला नाही. तू विचारला नाहीस आणि मला वाटलं की तुला नको असेल. आता सांगते, म्हणजे रेकॉर्डवर तो लादावा लागणार नाही.

सकाळी ह्यांनी अर्धा कप चहा घेतला. साखर कमी म्हणाले. इमारतीची लिफ्ट अडकली होती म्हणून नर्सबाई जिन्याने धापा टाकत आल्या, तर हे म्हणाले की धाकट्याला बोलवा, फुकटात करून देईल. तुझा विषय त्या दिवशी एवढाच निघाला. दाराकडे डोळे लावून बसले होते वगैरे काही मनात आणू नकोस. तू आला नाहीस असं ते म्हणाले नाहीत. तू कामावर आहेस, ह्यात त्यांना नवल नव्हतं.

दुपारी मला वाचायला सांगितलं. मी एक कथा वाचत होते, त्यातल्या पोस्टमनची चप्पल तुटते तिथे हसले. मग झोपले. मी शर्टाला बटण लावत बसले. बटण लावून झालं, दोरा दाताने तोडला आणि वर पाहिलं, तर श्वास लांब लांब पडत होता. मी हात धरला. हात गरम होता. तीन-चार श्वास आणखी आले. पुढचा आला नाही. मी वाट पाहिली. मग मशीन मी बंद केलं. ती घरघर इतके महिने चालू होती की बंद झाल्यावर खालच्या दुकानातलं बोलणं ऐकू यायला लागलं. कोणीतरी बल्ब मागत होतं.

बस. एवढंच होतं. त्यांना त्रास झाला नाही. त्यात गाण्यासारखं काही नव्हतं.

आता तू कसाही ठेव. मी पूर्ण ऐकेन.

तू माझ्या हाताखाली वाढलास, तेवढा लोभ कुठे जात नाही.

तुझी वहिनी


१९ मे

वहिनी,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र कामावर मिळालं. लिफ्टच्या खोलीत बसून वाचलं. खालून लोक बटण दाबत होते, मी मुख्य स्विच ओढून ठेवला आणि दुसऱ्यांदा वाचलं. ‘फुकटात करून देईल’ हे तर त्याने आयुष्यभर माझ्या जिवावर सगळ्यांना सांगितलं. कोणाकोणाच्या लिफ्ट मी त्यापायी केल्या आहेत. तिथेच एकटा हसलो आणि मग बराच वेळ खाली उतरलो नाही. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. एवढंच लिहितो, नाहीतर पत्र भिजेल.

संध्याकाळी छापखान्याला कळवलं. बाजू बदलल्या. ‘जिना’ पहिलं. रेकॉर्डिंगवाला म्हणाला की दुकानदार पहिलं मिनिटभर ऐकून बंद करतील. मी म्हटलं करू देत, जो एवढा जिना चढेल त्यालाच घरात घेऊ. ‘पंखा’ पहिल्या बाजूच्या शेवटी. मग ज्याने त्याने उठायचं. दुसऱ्या बाजूला ‘भोंगा’ ते ‘सायकल’. काही कापलेलं नाही. टायरवाल्याने कव्हरवर ‘ड्रम’पुढे आपल्या दुकानाचा पत्ता छापावा अशी मागणी केली होती, ती फेटाळली.

काल पक्की छापील प्रत आली. तुमची वेगळी पाठवतो आहे, ह्या वेळी लेबलांवर आकडे आहेत. रात्रीपर्यंत थांबलो नाही, आल्या आल्या लावली आणि गिटार जवळ घेऊन बसलो, सोबत वाजवायला नव्हे, हात रिकामे नकोत म्हणून. पूर्ण ऐकली. मधे उठलो तेव्हा तुमच्यासारखंच पाणी प्यायलो. ‘सायकल’ आलं, टायरवाल्याचा तो ठोका राहिला, तारा अजून वाजत होत्या, आणि दादा वैतागून म्हणाला, “झोपलास काय रे? चला, पहिल्यापासून.”

सुई टकटक करू लागली. माझी बोटं पहिल्या सुरावर होती, आणि मी त्याने आकडे मोजायची वाट बघत होतो.

माया असू द्या. ती तुम्ही मोजून देत नाही, मीही मोजून घेत नाही.

तुमचा,
धाकटा